रज्जाक पिंजारी, निलंबित साथी

मेहकरात गाद्या भरून देणारी थोडीच घरं राहिली आहेत. त्यातलं एक रज्जाकचं. त्याचा आजा कापूस पिंजायला पिंजण खांद्यावर टाकून खेडोपाडी फिरायचा. बापानं मशीन घेतलं. रज्जाकच्या हाती धंदा आला तोवर लोक फोमकडे वळले होते, तरी लग्नसराईत काम असायचं आणि त्याचा हात चांगला होता. पण गावात त्याचं नाव झालं ते कामामुळं नाही, दारूमुळं.

पिणारा माणूस कुठल्याही घरात नकोसाच असतो. मोहल्ल्यात तर त्याला बसायला जागा उरत नाही. रज्जाकला सख्ख्या भावाच्या लग्नात मागच्या बाजूला, भांडी घासायच्या जागेजवळ जेवायला बसवलं होतं. एकदा देशी दुकानासमोर मारामारी झाली, पोलिसांनी उचललं, केस झाली. त्यानंतर त्याची बायको सबीहा लहानग्या फिजाला घेऊन बीबी गावाला, माहेरी निघून गेली. जाताना भांडली नाही. भांडायचं तिनं कधीच सोडलं होतं.

त्याला बाहेर काढलं ते हिंमतराव नावाच्या रिटायर कंडक्टरनं. हिंमतराव स्वतः पिण्यापायी नोकरी गमावता गमावता वाचलेला. तो आणि त्याच्यासारखेच काही जण रविवारी एका शाळेच्या खोलीत जमायचे, आपापलं बोलायचे, चहा पिऊन उठायचे. हिंमतराव रज्जाकच्या दुकानात येऊन कापसाच्या गाठोड्यावर नुसता बसून राहायचा. उपदेश नाही की शपथ नाही. एकदाच म्हणाला, "मी बी स्टँडवर असाच पडेल राहत होतो. अंगावर खाकी होती." समोरच्या माणसाला आपलं सगळं माहीत आहे आणि तरी तो उठून जात नाही, हे रज्जाकला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दारू सुटली. एका झटक्यात नाही सुटली. पडला, उठला, पुन्हा पडला, मग टिकला. सबीहा परत आली. हिंमतराव वारला तेव्हा रविवारच्या खोलीची किल्ली रज्जाककडे आली, आणि मग लोक त्याला बोलवायला लागले. कोणाचा नवरा, कोणाचा पोरगा. तो सायकलवर जायचा, ओसरीत बसायचा. हिंदूचं घर, मुसलमानाचं घर, कोणी अडवत नव्हतं. बायका म्हणायच्या, "रज्जाकभाऊ आले, आता दोन तास तरी बरे जातीन."

ती बीटी कपाशीची वर्षं. पहिली काही सालं चांगली गेली होती. मग फवारण्या वाढत गेल्या, बोंडं कमी होत गेली, आणि गावागावात माणसं दुपारपासूनच प्यायला लागली. कुठं कोणी जीव दिला की काही दिवस साहेबांच्या, पुढाऱ्यांच्या गाड्यांची ये-जा व्हायची, मग बंद. अशात शासनाची एक योजना आली. ज्यानं दारू सोडली त्यानंच पिणाऱ्याजवळ जाऊन बसावं, डॉक्टरचं ऐकत नाहीत ते त्याचं ऐकतील, अशी ती कल्पना होती. अशा माणसाला नाव दिलं साथी. रज्जाक साथी झाला. म्हणजे करत होता तेच, फक्त आता थोडं मानधन होतं आणि वर देखरेखीला वंदना मॅडम होत्या.

वंदना नाशिककडची, समाजकार्य शिकलेली, वयानं रज्जाकपेक्षा बरीच लहान. दर शनिवारी ती तालुक्यातल्या साथींना एकेक करून भेटायची. कोणाकडे गेलात, काय झालं, हे विचारून झालं की कागद बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "आता तुमचं सांगा. तुम्ही कसे आहात?"  हा प्रश्न रज्जाकला हिंमतरावनंतर कोणी विचारला नव्हता. हळूहळू तो बोलायला लागला. लग्नातल्या बँडचा आवाज ऐकला की तोंडाला पाणी सुटतं, हेही त्यानं तिला सांगितलं.

मग दुसऱ्या एका जिल्ह्यात भयंकर प्रकार झाला. तिथल्या एका खाजगी व्यसनमुक्ती केंद्रात स्वतःला साथी म्हणवणाऱ्या माणसानं एका पेशंटला खाटेला बांधून ठेवलं. स्वतः तो प्यालेला होता. पेशंट मेला. पेपरात आलं, सभागृहात प्रश्न झाले, आणि ठरलं की यापुढं साथीला शासनाचं प्रमाणपत्र लागेल. शिक्षण, पोलीस पडताळणी, प्रशिक्षण, परीक्षा, फोटोचं कार्ड. प्रमाणपत्र नसलेल्यानं हे काम करायचं नाही आणि लोकांनीही त्याला घरात घ्यायचं नाही.

रज्जाकला यात काही गैर वाटलं नाही. तो सबीहाला म्हणालाही, की बांधून मारणारा माणूस साथी म्हणून मिरवत असेल तर कोणीतरी विचारायलाच पाहिजे.

अडचण आली ती जुन्या केसची. बुलडाण्याच्या कार्यालयातल्या साहेबानं अर्ज परत केला. रज्जाक तिथंच उभा राहून म्हणाला, "साहेब, तुमाले दारू सोडेल माणूस पायजे. अन् दारू पेऊन कधी पोलिसात नाही गेला असा पायजे. असा मी तरी कुठून आणू?" साहेब हसला, पण सही केली नाही. वंदनानं वर लिहिलं, फेऱ्या मारल्या, आणि कितीतरी दिवसांनी सूट मिळाली. प्रशिक्षणात पुण्याच्या बाईंनी नियम शिकवले. आपला फोन नंबर द्यायचा नाही. एकट्यानं जायचं नाही. दारूच्या दुकानात पाय ठेवायचा नाही. आणि साथी स्वतः प्याला, एक घोट का होईना, तर दुसऱ्या दिवसाच्या आत वर कळवायचं. रज्जाक परीक्षा पास झाला. फिजानं त्याचं कार्ड गळ्यात घालून सगळ्या गल्लीत फिरवलं. ज्या भावानं त्याला मागं जेवायला बसवलं होतं, तोही येऊन कार्ड पाहून गेला.

मोतीराम हा त्याच्याकडे असलेल्यांपैकी एक. हिवरा आश्रमाच्या अलीकडच्या एका वस्तीतला, रज्जाकच्याच वयाचा, बोलायला तिखट. पहिल्या भेटीत त्यानं विचारलं होतं, "काऊन बे, तुह्या धर्मात तर चालतच नाही. मंग तू काऊन पेत होता?"

"तुह्या धर्मात चालते म्हणून पेत होता का तू?"

मोतीराम खदखदून हसला आणि तिथून दोघांचं जमलं. मोतीराम सुटला. सोपं नव्हतं, पण सुटला. उन्हाळा कोरडा काढला, पेरणी कोरडी काढली. त्याची बायको कोकिळा पहिल्यांदा रज्जाकसाठी भाकरी करून बसली तेव्हा मोतीराम म्हणाला, "याच्या भरवशावर हाओ मी. हा नाही पेत तोवर मी नाही पेत."

रज्जाकनं ते शनिवारी वंदनाला कौतुकानं सांगितलं. वंदना हसली नाही. "रज्जाकभाऊ, असं कोणाला बांधून घेऊ नका," ती म्हणाली. "तुम्ही त्याचा आधार व्हा, पण त्याची अट होऊ नका." त्याला ते तेव्हा नीट कळलं नाही.

त्या साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. पऱ्हाटी वरून हिरवीगार आणि बोंड फोडलं की आत काळं. मोतीरामनं वेचणीला बाया लावल्या, पण त्या दोन ओळी वेचून थांबल्या. त्याच आठवड्यात त्यानं ट्रॅक्टरचा रोटावेटर घालून उभं पीक मोडलं. कोकिळा बांधावर उभी होती. ट्रॅक्टर निघून गेल्यावर तो घरी न येता सरळ रस्त्याला लागला, तेव्हा तिला समजलं. तिच्याजवळ रज्जाकचा नंबर होता. मोतीरामच्या हट्टापायी रज्जाकनं कधीतरी देऊन ठेवला होता.

"भाऊ, तुमी या नं. ते दुकानात जाऊन बसले. माह्यं नाही ऐकत."

भर दुपार होती. नियमाप्रमाणं रज्जाकनं वंदनाला फोन लावला. ती लोणारला बैठकीत होती, फोन लागला नाही. जोडीला येणारा दुसरा साथी चिखलीला गेलेला. रज्जाक मोटरसायकलवाल्या एकाच्या मागं बसून एकटाच निघाला. दुकानाशी उतरल्यावर त्यानं गळ्यातलं कार्ड काढून खिशात घातलं आणि आत गेला.

मोतीराम कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. बाटली अर्धी झाली होती. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "आला का सरकारचा माणूस!"

"चाल घरी. कोकिळाबाई वाट पाहून राह्यली."

"घरी काय हाये? तू बस."

रज्जाक बसला. इतक्या वर्षांनी तो वास त्याच्या नाकात शिरला. तो मोतीरामशी बोलत राहिला, पऱ्हाटीचं, पोरांचं, तुरीचं. मोतीराम ऐकत होता आणि पीत होता. मग त्यानं दुसरा ग्लास मागवला, त्यात ओतलं आणि रज्जाकसमोर सरकवला.

"तू पे. एक घोट पे, मी उठतो. आईची शप्पथ उठतो. नाही तर इथंच बसतो अन् मंग घरी जाऊन काय करीन ते पाह्यजो. फवारणीचं औषध उरेल हाये घरात."

रज्जाकनं पुढं अनेकांना सांगितलं की आपण त्याचा जीव वाचवायला प्यालो. वंदनाला मात्र त्यानं खरं काय ते सांगितलं. ग्लास हातात घेताना मोतीराम डोक्यात होता. ओठाला लावताना नव्हता. एक घोट म्हणून घेतलेला ग्लास रिकामा करूनच खाली ठेवला.

मोतीराम दिलेल्या शब्दाप्रमाणं उठला. रज्जाकच्या खांद्यावर हात टाकून, मोठ्यानं हसत, तो वस्तीपर्यंत चालत आला. कोकिळानं दोघांकडे पाहिलं. तिच्या नाकाला दोघांचाही वास आला असणार. तिनं नवऱ्याला आत घेतलं, औषधाची बाटली परसात नेऊन उपडी केली, आणि रज्जाकला पाणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रज्जाक वंदनाच्या ऑफिसात गेला.  त्याचं सांगून झाल्यावर वंदनानं उठून दार लावलं.

"कोणी पाहिलं तुम्हाला?"

"दुकानवाला. बाकी कोणी नाही."

"रज्जाकभाऊ, मला आता हे लिहावं लागेल. तुम्ही बोललाच नसता तर..." ती थांबली. "नाही. बोललात ते बरोबर केलंत. पण मला लिहावं लागेल."

"लिहा मॅडम. आता नाही सांगतलं तर मंग मी अन् तो बांधणारा, काय फरक राह्यला?"

चौकशीला बुलडाण्याहून दोघे आले. दुकानात प्रवेश, खाजगी नंबर, एकटं जाणं, मद्यप्राशन. प्रत्येक प्रश्नाला रज्जाक "हाव" म्हणाला. वंदनानं स्वतःचा फोन लागला नव्हता हेही अहवालात लिहिलं. वर्षभरासाठी प्रमाणपत्र निलंबित झालं. वर्षानंतर पुन्हा अर्ज, पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा.

घरी सबीहा त्यांच्या घरच्या बोलीत म्हणाली, "काय को बोले तुम? वो मोटा साथी हर जुम्मेरात को पीता, सबको मालूम. उसका कार्ड उसके गले में है."

 

रज्जाकला मानधन जायचं दुःख होतं, पण त्याहून मोठं दुसरंच निघालं. पहिल्या शनिवारी तो सवयीनं ऑफिसात गेला. वंदना अवघडली. देखरेख फक्त प्रमाणित साथींसाठी होती, निलंबित माणसाला भेटीची वेळ देता येत नव्हती. "तुम्ही केंद्रात पेशंट म्हणून नाव घालू शकता," ती हळूच म्हणाली. बाहेर बाकावर दोन साथी बसले होते, दोघंही त्याच्याच हाताखाली शिकलेले. रज्जाक त्यांच्याकडे पाहून म्हणाला, "पाहू नंतर," आणि जिना उतरला. आजवर कधी लागली नव्हती इतकी 'कसे आहात' विचारणाऱ्या माणसाची गरज त्याला त्या दिवशी होती. तल्लफ आता रोज येत होती.

रविवारची खोलीही गेली. शाळेनं सांगितलं, आता अशा बैठकीला प्रमाणित माणूस पाहिजे.

मोतीरामकडे नवा साथी नेमला गेला. चांगला मुलगा होता, पण मोतीराम त्याच्याशी बोलेना. कोकिळानं पुन्हा फोन केला. तिचा राग केव्हाच सरला होता, कारण बोलवायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. रज्जाक गेला, तर दारात मोतीरामचा थोरला भाऊ निवृत्ती आडवा आला.

"कार्ड हाये का?"

"तुमाले माहीत हाये नं दादा, नाही."

"मंग नोको येऊ. ग्रामपंचायतीत पाटी लावली हाये. कार्ड नाही त्याले घरात घ्याचं नाही. उद्या काही झालं तं आमच्यावर येईन."

निवृत्ती वाईट माणूस नव्हता. याच दारात त्यानं रज्जाकला कितीदा चहा पाजला होता. तेव्हा कार्ड त्यानं कधी मागितलं नव्हतं.

आतून मोतीराम बाहेर आला. गाल बसले होते, डोळे पिवळे. तो पायरीवर टेकला. "बसू दे रे त्याले बाहेर. बाहेर कुठं कायदा हाये?"

रज्जाक अंगणात बसला. तो काही बोलायच्या आधीच मोतीराम बोलला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात तिखटपणा नव्हता.

"तुह्यावर राग नाही माह्या. पण त्या दिवशी तू गिलास उचलला नं, तवा मले समजलं. मले वाटे, हा सुटला म्हणजे माणूस सुटू शकते. तू नाही सुटला. इतक्या वर्षांनी तुह्या हात असा गेला, जसा लेकरू दुधाले जाते. मंग माह्या काय भरोसा?"

"मी मंग उठलो मोतीराम. त्या दिवसापासून नाही घेतली."

"घेशीन," मोतीराम म्हणाला. शाप दिल्यासारखं नाही, नुसतं माहीत असल्यासारखं.

रज्जाक नंतर दोनदा गेला. एकदा मोतीराम झोपलेला होता, एकदा दुकानात होता. दुकानाच्या रस्त्यापर्यंत जाऊन रज्जाक मागं फिरला. नियमामुळं नाही. त्याला स्वतःचीच भीती वाटली.

पावसाळ्याच्या तोंडाशी मोतीरामला रक्ताची उलटी झाली. बुलडाण्याला नेताना चिखली यायच्या आधीच तो गेला. त्यानं औषध प्यालं नव्हतं, फास घेतला नव्हता, म्हणून कोणी गाडी करून भेटायला आलं नाही. चितेपाशी रज्जाक सगळ्यांच्या मागं उभा राहिला. वस्तीवर परतल्यावर कोकिळानं त्याला अंगणात पाहिलं. पोराला शेजारणीच्या हाती देऊन ती घरात गेली. पाऊस पडल्यावर तिनं त्याच वावरात पुन्हा बीटीच लावली, कारण बियाण्याच्या दुकानात दुसरं काही नव्हतंच.

त्या दिवशी परतताना रज्जाक मेहकरच्या स्टँडवर उतरला आणि घरी गेला नाही. किती दिवस तो तसा होता हे त्याला नीट सांगता येत नाही. सबीहा फिजाला घेऊन बीबीला गेली. फिजा आता मोठी झाली होती. तिनं अब्बाकडे पाहिलं नाही. मोहल्ल्यात कोणाला नवल वाटलं नाही. आपण काय म्हणालो होतो, एवढंच ते एकमेकांना म्हणाले. कोणी हिंमतराव येऊन दुकानात बसला नाही. एका सकाळी त्याला पिववेना, इतकंच झालं, आणि त्यानं ती थांबवली. सबीहा परत आली, पण आता ती त्याच्याकडून काही मागत नाही.

निलंबनाचं वर्ष संपलं तेव्हा त्यानं तरीही चौकशी केली. वंदनाचा करार संपून ती नाशिकला निघून गेली होती. जाताना रज्जाकच्या दुकानावर येऊन गेली होती, तेव्हा दुकानाला कुलूप होतं. योजनेची मुदतही त्या मार्चला संपली. पुन्हा परीक्षा देता येईल, प्रमाणपत्र मिळेल, पण काम कोणतं ते माहीत नाही, असं नव्या बाबूनं सांगितलं. पाट्या मात्र ग्रामपंचायतींत तशाच आहेत.

आता रज्जाक फोमच्या गाद्यांच्या एका दुकानात कव्हरं शिवतो. पूर्वी तो न पिता गेलेले दिवस मोजायचा. आता मोजत नाही.

मध्यंतरी बीबीकडची एक म्हातारी, सत्यभामाबाई, पत्ता विचारत विचारत तिथं आली. तिचा मुलगा पीत होता. तिनं कोणाकडून तरी नाव ऐकलं होतं. पदरानं घाम पुसत ती म्हणाली, "बाबा, तुमी नुसते येऊन बसले तरी लोक बरे होतात म्हणतात."

रज्जाकनं मशीनवरचा पाय थांबवला. "कोणी सांगतलं मावशी?"

"लोक सांगतात. चाला नं. रिक्षा उभी हाये."

त्यानं तिला पाणी दिलं. मग म्हणाला, "ते काम मी नाही करत आता. सरकारी दवाखान्यात दाखवा त्याले."

म्हातारी थोडा वेळ तशीच उभी राहिली, त्याचं मन बदलेल म्हणून. मग गेली.

म्हातारीला सबीहानं गल्लीत पत्ता विचारताना पाहिलं होतं. संध्याकाळी घरी तिनं विचारलं, "कौन थी वो बुढिया?"

"कोई नहीं," तो म्हणाला. "पता गलत था." आणि घरी आणलेल्या कव्हराच्या कडेची शिवण उसवून पुन्हा घालायला बसला.